आडात काय आहे

“आमच्या घरान्यात असं कोनालेच नव्हतं सर. हे तिच्या माहेरून आलं.”

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होतो. वर्गातली एक हुशार मुलगी आठवडाभर दिसली नाही, म्हणून चौकशीला तिच्या घरी गेलो. ओसरीवर बसलेल्या तिच्या आजीनं पाण्याचा तांब्या पुढे करता करता हे वाक्य मला ऐकवलं. आत खाटेवर मुलीचा नऊ वर्षांचा भाऊ गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. हाडं ठणकत होती, डोळे पिवळट दिसत होते. दर दोन-तीन महिन्यांनी असं व्हायचं, सलाइन लागायचं, शाळा बुडायची. आजाराचं नाव कळून वर्ष झालं होतं: सिकलसेल. ज्या डॉक्टरांनी ते सांगितलं, त्यांनी आईकडे पाहून ‘रक्तात दोष आहे’ एवढंच म्हटलं आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. तेव्हापासून घरात तो दोष आईचा झाला होता. ती चुलीपाशी पाठमोरी उभी होती. सगळं ऐकत होती, बोलत काही नव्हती.

मुलीनं एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन कागद काढून माझ्यासमोर धरले. मुलाचा रिपोर्ट ‘एसएस’. आईचा ‘एएस’. तिसरा वडिलांचा, तोही ‘एएस’. वर्षभर तो तिसरा कागद घरातच होता. त्यावरची दोन अक्षरं काय सांगतात, हे त्या घराला कुणी सांगितलं नव्हतं.

हे पुस्तक मी त्या तिसऱ्या कागदासाठी लिहिलं आहे.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. म्हण खरी आहे. जे आईवडिलांपाशी नाही ते मुलात सहसा येत नाही. पण ही म्हण आपण नकळत उलटी वाचतो. पोहऱ्यात दिसलं नाही, म्हणजे आडात नव्हतंच, असं धरून चालतो. आजी तेच म्हणत होती. आनुवंशिकतेचं शास्त्र सुरू झालं ते नेमकी ही गफलत उघडी पडली तेव्हापासून. आडाच्या तळाशी एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पडून राहते, कुणाच्या पोहऱ्यात येत नाही, आणि एका दिवशी दोरीबरोबर वर येते.

आपली गफलत व्हायला भाषाही कारण आहे. नात्याला आपण रक्त म्हणतो. रक्ताचं नातं, खानदानी रक्त, ‘त्याच्या रक्तातच आहे ते’. रक्त पातळ असतं, आणि दोन पातळ पदार्थ एकत्र केले की मिसळून जातात, पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. आईवडिलांचे गुण मुलात असेच मिसळतात, ही समजूत फक्त आपली नव्हती. एकोणिसाव्या शतकात युरोपातले जाणतेही तसंच मानत होते. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ १८५९ साली निघाला. १८६७ साली फ्लीमिंग जेनकिन नावाच्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकानं त्याला एक अवघड प्रश्न घातला. गुण असे मिसळत असतील, तर एखाद्या जिवात उपजलेला नवा गुण पुढच्या पिढीत निम्मा उरेल, त्यापुढे पाव, त्यापुढे आणखी पातळ. घागरभर पाण्यात चमचाभर दूध टाकावं तसा तो नाहीसा होईल. मग निसर्ग निवड करणार कशाची? डार्विनला याचं समाधानकारक उत्तर देता आलं नाही. उत्तर त्याआधी वर्षभर छापून झालं होतं. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरातल्या एका मठवासी साधूनं ते लिहिलं होतं आणि ते डार्विनच्या वाचनात आलं नाही.

ग्रेगोर मेंडेल हा शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८२२ चा. त्यानं प्रयोगाला निवडला वाटाणा, आणि वाटाणा आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे, म्हणून मी वाचकाला इथे थोडं थांबवणार आहे. किराणा दुकानात दोन पोती शेजारी शेजारी असतात, हिरवा वाटाणा आणि पांढरा वाटाणा. रगड्यात जातो तो पांढरा. दोन्हींचे मूठ-मूठ दाणे रात्री भिजत घाला आणि सकाळी नखानं साल काढा. पांढऱ्या वाटाण्याचं फक्त साल फिकट असतं, आतली दोन्ही दलं पिवळी असतात. हिरव्याची हिरवी. मेंडेलनं ज्या सात लक्षणांचा मागोवा घेतला, त्यांतलं एक हे, तुमच्या तळहातावरचं.

१८५६ साली त्यानं काम सुरू केलं, पण त्याआधी दोन वर्षं केवळ बी पारखण्यात घालवली होती. चौतीस वाण आणून लावले आणि जे पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे उतरतात अशांची खात्री करून त्यांतले बावीस ठेवले. पुढे सात-आठ वर्षं मठाच्या बागेतल्या एका अरुंद पट्ट्यात तो राबला. कळी उमलायच्या आत चिमट्यानं पुंकेसर काढायचे, दुसऱ्या रोपाचे पराग आणून लावायचे, वर पिशवी बांधायची, दाणे पिकले की सोलून मोजायचे. अशी सुमारे २८,००० रोपं त्याच्या हाताखालून गेली. त्याच्या बुद्धीइतकाच मला त्याची ही मोजण्याची चिकाटी मोठी वाटते. संकर त्याच्याआधीही अनेकांनी केले होते. दाणे मोजले त्यानं.

पिवळ्या आणि हिरव्याचा संकर केल्यावर पुढच्या पिढीत सगळे दाणे पिवळे निघाले. गुण मिसळत असते तर पोपटी निघायला हवे होते. एकही पोपटी नव्हता आणि एकही हिरवा नव्हता. इथे थांबला असता तर त्यानंही आजीसारखंच म्हटलं असतं, की हिरवा संपला. पण त्यानं हे पिवळे दाणे पेरले आणि त्यांच्या रोपांना स्वतःच्याच परागांनी फळू दिलं. शेंगांतून निघाले ८,०२३ दाणे. ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. तीनास एक. आणि ते हिरवे आजाइतकेच हिरवे होते, एका पिढीच्या मुक्कामानं त्यांच्या रंगावर पिवळी छटासुद्धा चढली नव्हती.

त्याच्या पुढचा प्रयोग शाळेच्या पुस्तकांत बहुधा सुटतो, मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. या दुसऱ्या पिढीतले पिवळे दाणे दिसायला सगळे सारखे. मेंडेलनं त्यांतल्या दाण्यांपासून ५१९ रोपं वाढवली आणि प्रत्येकाच्या पोटी काय येतं ते पाहिलं. १६६ रोपांना फक्त पिवळे दाणे आले. ३५३ रोपांना पिवळे आणि हिरवे दोन्ही आले. म्हणजे दिसायला पिवळ्या असलेल्या दर तीन दाण्यांपैकी दोन आपल्या पोटात हिरवा बाळगून होते. हे आकडे ध्यानात ठेवावेत, शेवटी मला त्यांच्याकडे परत यायचं आहे.

यावरून त्यानं जे ताडलं ते आज शाळकरी मुलालाही समजावं इतकं सोपं आहे. प्रत्येक लक्षणासाठी रोपापाशी दोन घटक असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. पुढच्या पिढीला देताना दोन्हींपैकी एकच दिला जातो. कोणता, ते दैवावर. दोन घटक एकत्र नांदतात पण एकमेकांत विरघळत नाहीत. त्या घटकाला आपण आज जनुक म्हणतो.

मेंडेलनं हे १८६५ च्या फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचलं, १८६६ साली ते छापलं गेलं, आणि जवळजवळ कुणीही त्याची दखल घेतली नाही. १८८४ साली तो वारला. १९०० साली तीन वेगवेगळ्या देशांतले तीन वनस्पतिशास्त्रज्ञ आपापल्या वाटेनं त्याच नियमांपाशी पोचले आणि तेव्हा कुठे तो जुना निबंध धूळ झटकून वाचला गेला.

हिरवा रंग पिवळ्यासमोर का लपतो, हे मेंडेलला माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे. दाणा पिकताना त्यातलं हरितद्रव्य मोडून टाकणारी एक यंत्रणा असते. ते मोडलं की खालचा पिवळा रंग उघडा पडतो. हिरव्या वाटाण्यात या यंत्रणेचं जनुक बिघडलेलं असतं, म्हणून हरितद्रव्य तसंच राहतं. दोनांपैकी एक जनुक धड असलं तरी काम भागतं आणि दाणा पिवळा होतो. दोन्ही बिघडलेली असतील तरच हिरवा. शास्त्रात पिवळ्याला प्रभावी आणि हिरव्याला अप्रभावी म्हणतात, आणि या दोन शब्दांनी मुलांचा फार गोंधळ होतो. प्रभावी म्हणजे चांगला, बळकट किंवा जास्त लोकांत आढळणारा, असं काही नाही. एका प्रतीवर ज्याचं काम भागतं तो प्रभावी, एवढंच. सुरकुतलेल्या वाटाण्याचंही असंच. त्यात साखरेपासून पिष्ट बनवणारं एक विकर नीट तयार होत नाही. साखर साठते, साखरेमुळे दाणा पाणी जास्त ओढून घेतो, आणि वाळताना आक्रसतो. थंडीतला मटार आपण गोड म्हणून कौतुकानं खातो, त्या अर्केलसारख्या वाणांचं बी सुरकुतलेलंच असतं. बिघाडाची चव गोड असू शकते.

त्या दिवशी ओसरीवर माझ्यापाशी वाटाणे नव्हते. मी आजीकडे मूठभर ज्वारी आणि मूठभर उडीद मागितले. दोन वाट्या घेतल्या, प्रत्येकीत ज्वारीचा एक दाणा आणि उडदाचा एक दाणा टाकला. ज्वारी म्हणजे ‘ए’, चांगलं जनुक. उडीद म्हणजे ‘एस’. ही वाटी आईची, ही बापाची. दोघांपाशी एक-एक पांढरा दाणा आहे, तेवढ्यावर रक्ताचं काम भागतं, म्हणून दोघंही धडधाकट, शेतात राबतात, कुणाला कधी शंका आली नाही. आता डोळे मिटा आणि प्रत्येक वाटीतून एक-एक दाणा उचला. हे तुमचं एक लेकरू.

आजीनं उचलले. पहिल्यांदा ज्वारी-ज्वारी. दाणे परत वाटीत. मग ज्वारी-उडीद. परत. पाचव्या की सहाव्या वेळी दोन्ही हातांत उडीद आले. ती बराच वेळ ते दोन काळे दाणे पाहत राहिली. मग म्हणाली, “एक त्याच्या वाटीतला हाय.”

हो, म्हटलं. दोन्ही वाट्यांतून आल्याशिवाय ‘एसएस’ होत नाही.

“अन् त्याले कोनं देल्ला?”

मी सांगितलं. तुम्ही किंवा आजोबांनी, दोघांपैकी एकानं. आजोबा जाऊन बारा वर्षं झाली होती. चुलीपाशी उभी असलेली आई तेव्हा पहिल्यांदा वळून आमच्याकडे पाहू लागली.

वडील संध्याकाळी शेतातून आले. त्यांना हे समजायला वेळ लागला नाही, कारण ते कपाशीचं संकरित बी विकत आणत होते. ते बी घरी धरून दुसऱ्या वर्षी पेरलं तर शेत एकसारखं येत नाही, एक झाड उंच, एक बुटकं, हे त्यांनी स्वतःच्या वावरात पाहिलेलं होतं. संकराच्या पहिल्या पिढीत दडून बसलेलं दुसऱ्या पिढीत बाहेर पडतं. मेंडेलचं नावही न ऐकलेला शेतकरी हा नियम पाळूनच दरवर्षी बियाण्याची पिशवी घेतो.

एक गोष्ट मात्र त्यांना दोनदा सांगावी लागली. चारात एक, याचा अर्थ एक मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली असा होत नाही. दर खेपेला दाणे वाटीत परत जातात. दर गरोदरपणी चारात एक ही शक्यता नव्यानं उभी राहते. ही गैरसमजूत मी शिकल्यासवरल्या घरांतही पाहिली आहे आणि तिच्यापायी आजारी मुलांची संख्या वाढते.

सिकलसेलचा आजार हे आनुवंशिकतेचं सगळ्यांत स्वच्छ समजलेलं उदाहरण आहे, आणि तो आपल्या दाराशी आहे. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांमध्ये, गडचिरोलीच्या गोंड-माडियांमध्ये आणि विदर्भातल्या इतरही अनेक समाजांत तो आढळतो. तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं असतं. त्यांतल्या ज्या दोन बीटा साखळ्या, त्या प्रत्येकीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलं, बस, एवढाच फरक. डीएनएच्या मजकुरात एका अक्षराच्या जागी दुसरं पडलेलं असतं. त्या एका अक्षरामुळे प्राणवायू सोडून मोकळं झालेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ दोऱ्यासारखं होतं आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. धड पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते. बारीक रक्तवाहिन्यांत अशा पेशी अडकल्या की पलीकडे रक्त पोचत नाही, आणि त्या अडकण्याचा ठणका म्हणजे खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेलं ते पोर. सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाकड्या पेशी मी मुलांना अनेकदा दाखवल्या. पहिल्यांदा पाहणारं मूल प्रत्येक वेळी गप्प होतं.

मग असं घातक जनुक इतक्या पिढ्या टिकलं कसं? जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ साली रक्ताच्या अशाच एका आनुवंशिक आजाराविषयी तर्क मांडला होता, की हिवतापाशी त्याचा संबंध असावा. हेच हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. सिकलसेलच्या बाबतीत १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या पाहणीतून दाखवून दिलं, की ज्याच्यापाशी एकच ‘एस’ आहे त्याला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात, डासांच्या मुलखात ‘एएस’ माणसं जास्त जगली. आजीच्या घराण्यात तो काळा दाणा टिकला तो कुणाच्या पापानं नव्हे. त्या दाण्यानं त्यांच्या कितीतरी पूर्वजांना लहानपणी तापातून वाचवलं असणार. हे मी त्या घरात सांगितलं तेव्हा आईनं ते मला पुन्हा सांगायला लावलं.

बाईच्या माथी दोष मारण्याचं याहून मोठं आणि जुनं उदाहरण आपल्याकडे आहेच. मुलीच झाल्या म्हणून किती बायका टाकल्या गेल्या, याची मोजदाद नाही. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधक बाईनं १९०५ साली पिठात होणाऱ्या किड्यांच्या पेशी तपासून दाखवलं, की नराच्या गुणसूत्रांत, म्हणजे जनुकं वाहणाऱ्या पेशीतल्या धाग्यांत, एक छोटं गुणसूत्र असतं आणि अपत्याचं लिंग त्यावरून ठरतं. माणसातही तसंच. आईच्या स्त्रीबीजात दर वेळी ‘एक्स’च असतो. बापाच्या शुक्राणूंत निम्म्यांत ‘एक्स’, निम्म्यांत ते छोटं ‘वाय’; मुलगा की मुलगी, ते त्यावरून ठरतं. ज्ञान झालं तरी शहाणपण आपोआप येत नाही. गर्भजल तपासून मुलगी पाडण्याचा धंदा सुशिक्षित शहरांतच फोफावला. त्याविरुद्धचा देशातला पहिला राज्य कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला.

आता एक गमतीचा आकडा. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतलं एक उचललं जातं. एक जोडी, दोन पर्याय. दोन जोड्या, चार पर्याय. असं तेवीस वेळा दुप्पट करत गेलं की येतात ८३,८८,६०८. जवळजवळ चौऱ्याऐंशी लक्ष. योनींच्या त्या जुन्या संख्येशी याचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोपा. एकट्या आईकडून इतक्या तऱ्हा, बापाकडून तितक्याच, आणि शिवाय जोडीतली गुणसूत्रं वेगळी होण्याआधी आपापले तुकडे बदलून घेतात. एकाच घरात एक पोर मातृमुखी, दुसरं पितृमुखी आणि तिसरं थेट पणजीच्या वळणावर जातं ते यामुळे.

लपलेलं जनुक किती खोल लपू शकतं, हे सांगायला मी पुस्तकात एक अख्खं प्रकरण मुंबईला दिलं आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तो आज जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. ए, बी हे रक्तगट म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर लागलेल्या साखरेच्या निरनिराळ्या खुणा. त्या खुणा ज्या खुंटीवर टांगायच्या तिला ‘एच’ म्हणतात. काही थोड्या माणसांत ही खुंटी बनवणारी दोन्ही जनुकं निकामी असतात. खुंटीच नाही, तर तिच्यावर काही टांगलं जात नाही. नेहमीच्या तपासणीत असा माणूस ‘ओ’ दिसतो. पण ‘ओ’ रक्त त्याला चालत नाही, जिवावर बेततं, कारण ‘ओ’ रक्तावर ती खुंटी असते आणि याचं शरीर तिला परकी मानतं. आता समजा, अशा बाईपाशी ‘ए’ खुणेचं जनुक धडधाकट आहे. तिच्यात ते दिसणार नाही. मुलाला मात्र बापाकडून खुंटीचं चांगलं जनुक मिळालं की आईकडून आलेला ‘ए’ उजेडात येईल. आई ‘ओ’, बाप ‘ओ’ आणि मूल ‘ए’. रक्तगटांचं कोष्टक कच्चं शिकलेल्या माणसाच्या हातात हे पडलं तर त्या बाईच्या संसाराचं काय होईल? अर्धं ज्ञान इथे अज्ञानापेक्षा धोक्याचं आहे, आणि म्हणून या विषयावर मराठीत नीट, सविस्तर लिहिलं जायला हवं असं मला कळकळीनं वाटतं.

अर्ध्या ज्ञानाचं आणखी एक उदाहरण आम्ही शिक्षकांनीच घरोघर पोचवलं आहे. जिभेची पन्हळ करता येणं, कानाची पाळी चिकटलेली किंवा सुटी असणं, ही एका जनुकाची लक्षणं म्हणून वर्षानुवर्षं शिकवली गेली. तशी ती नाहीत. एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला येत नाही, हे १९५२ सालीच नोंदलं गेलं होतं. आपली जीभ वळते आणि आईबाबांची वळत नाही, म्हणून रडवेलं झालेलं मूल मी वर्गात पाहिलं आहे. उंची, त्वचेचा रंग, मधुमेहाचा कल, यांत शेकडो-हजारो ठिकाणच्या बारीक फरकांचा थोडा थोडा वाटा असतो, आणि ताटात काय पडलं त्याचाही. आईबापांपेक्षा हातभर उंच झालेली मुलं आज घरोघर दिसतात. एका पिढीत जनुकं तेवढी बदलत नाहीत, जेवण बदलतं. बुद्धी किंवा स्वभावाचं एक जनुक सापडल्याची बातमी वाचनात आली तर ती बाजूला ठेवावी.

‘खाण तशी माती’ म्हणून माणसांची प्रतवारी लावणाऱ्यांनी या शास्त्राचा आधार घेतला, तेव्हा काय झालं याचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीत १९३३ च्या जुलैमध्ये आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला आणि त्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया केल्या गेल्या. त्या विचाराचा एक मोठा पुरस्कर्ता ऑयगेन फिशर हा बर्लिनच्या मानववंश संस्थेचा प्रमुख होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या इरावती कर्वे त्याच्याच हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. कवट्यांची असमानता वंशाशी जोडता येते का, हा विषय. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असं लिहिलं. परदेशात, गुरूच्या मताविरुद्ध, पंचविशीच्या आतबाहेरच्या मराठी मुलीनं मोजमापावर विश्वास ठेवून हे लिहिलं, याचा मला अभिमान वाटतो.

आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न अनेक समाजांत चालतं आणि सगोत्र लग्न टाळलं जातं. गोत्र फक्त बापाच्या बाजूनं मोजतात, जनुकं दोन्ही बाजूंनी येतात. मामेबहीण आणि चुलतबहीण, दोघींशी आपला जनुकांचा वाटा सरासरीनं सारखाच, एक अष्टमांश. एकाच आजोबांचा काळा दाणा दोन्ही वाट्यांत उतरण्याची शक्यता त्या लग्नात वाढते. याचं गणित पुस्तकात सावकाश मांडलं आहे. लग्नाआधी पत्रिकेबरोबर रक्ताच्या तपासणीचा कागदही पाहावा, यासाठी सिकलसेलग्रस्त भागातले आरोग्यसेवक वर्षानुवर्षं गावोगाव फिरत आहेत. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं २०४७ पर्यंत हा आजार हटवण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. दोन वाहकांनी, म्हणजे दोन ‘एएस’ माणसांनी, एकमेकांशी लग्न करू नये असं सांगणं सोपं आहे. वाहक मुलीचं लग्नच मोडतं, मुलाचं मोडत नाही, हे त्या आरोग्यसेवकांना रोज दिसतं. ‘एएस’ म्हणजे आजार नव्हे, हे घरातल्या मोठ्यांना कळल्याशिवाय कागद पुढे करायला कुणी धजणार नाही.

पुस्तकाच्या रचनेविषयी फार सांगायचं नाही. शब्द मी शाळेतल्या पुस्तकांतलेच ठेवले आहेत, आणि रिपोर्टवर जे इंग्रजी अक्षरांत येतं ते तसंच, देवनागरीत. गणित कुठेही वाटीतल्या दाण्यांच्या पलीकडे गेलेलं नाही. डीएनएवरची प्रकरणं अवघड वाटली तर आधी वाटाण्याचं आणि मुंबईचं वाचावं.

त्या दिवशी मुलगी मला एसटी थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत तिनं विचारलं, “सर, मग माझ्यात काय असेल?” तिची तपासणी झालेली नव्हती. मी म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, एएस असायची शक्यता चारात दोन, म्हणजे निम्मी. मी तिला काडी घेऊन धुळीत चार घरं काढायला लावली. एए, एएस, एएस, एसएस. तू आजारी नाहीस, एवढं तर आपल्याला माहीत आहे ना? तिनं क्षणभर विचार केला आणि चपलेच्या टोकानं शेवटचं घर पुसलं. उरली तीन. त्यांतल्या दोनांत ‘एस’ होता. “तीनात दोन,” ती हळूच म्हणाली. मेंडेलच्या बागेतली ती ५१९ रोपं आणि त्यांतली ३५३, हे मी तिला तिथे उभ्याउभ्या सांगितलं, आणि एसटी आली.

सोमवारी ती वर्गात आली तेव्हा तिच्या डाव्या हाताच्या लवणीत कापसाचा बोळा चिकटपट्टीनं लावलेला होता. सकाळीच तपासणीला रक्त देऊन आली होती. सोबत कोण होतं म्हणून विचारलं, तर तिनं खिडकीकडे बोट केलं. बाहेर फाटकापाशी निंबाखाली आजी बसली होती, आणि तिनंही डावा हात कोपरात घट्ट दुमडून धरला होता.